सामना खेळीमेळीत पार पडला

समता कॉलोनी, रायपूर
बुधवार, दुपार

प्रिय स्वरदा,

बापाचं पत्र, तेही मराठीत, तेही हाताने लिहिलेलं, म्हणजे काहीतरी भानगड आहे हे तू ओळखलं असशीलच. घाबरू नको. आई ठणठणीत आहे, तिचा खांदा आता वेणी घालण्याइतका वर जातो, आणि माझं बीपी माझ्या स्वभावापेक्षा बरं आहे. तू लहानपणापासून आम्ही मराठीत विचारलं की हिंदीत उत्तर देणारी पोट्टी, म्हणून मुद्दाम अक्षर मोठं काढतोय. पानांचे फोटो काढून ओळीने पाठवीन, उठलीस की सावकाश वाच. हे फोनवर बोलता आलं असतं, पण फोनवर मी काय करतो ते तू रविवारी ऐकलंसच. तू विचारलंस एक, मी सांगितलं भलतंच, आणि वर शहाणपणाचा आव आणला.

तू काय विचारलं होतंस ते पुन्हा लिहून काढतो, म्हणजे मला इकडेतिकडे पळता येणार नाही. तुमच्या बर्फावरच्या हॉकी लीगच्या बाद फेरीत एका संघाच्या कप्तानाने, ज्याच्यावर तिकडचं अख्खं गाव जीव टाकतं, समोरच्या संघातल्या एका नवख्या पोराला मागून पाय घालून पाडलं. पोरगा पाठीवर आपटला, डोकं बर्फावर आदळलं, अजून त्याला उजेड सहन होत नाही. त्याला स्वतःला काही आठवत नाही, तो म्हणतो माझंच ब्लेड अडकलं असेल. कप्तानाला मॅचमध्ये दोन मिनिटांची शिक्षा झाली ती झाली. आता पुढच्या मॅचेस त्याला बाहेर बसवायचं की नाही, हे तुमच्या ऑफिसातले पाच जण ठरवणार, आणि त्या पाचांत तू सगळ्यात नवी. प्रत्येकाने आपलं मत वेगळं लिहून द्यायचं, तुझं गुरुवारी सकाळपर्यंत. तुझे साहेब कॉफी पिता पिता 'पायात पाय आले बहुतेक' असं म्हणून गेले, आणि तुझी नोकरी कायम व्हायची ती मे महिन्यात, त्याच साहेबांच्या सहीने. पण तुला व्हिडिओत त्या कप्तानाची नजर दिसली. पाय घालण्याआधी त्याने एकदा खाली, त्या पोराच्या टाचांकडे पाहिलं. तू मला विचारलंस, बाबा, तुम्ही अठ्ठावीस वर्षं शिट्टी फुंकली, सांगा, हे लिहू की नको.

आधी कौतुकाचं लिहून घेतो, पुढे त्याला जागा मिळणार नाही. तू या नोकरीला लागलीस तेव्हा मला वाटलं होतं, हॉकी ती हॉकी, गवतावर काय अन् बर्फावर काय. मग तू सांगशील त्या मॅचेस मोबाइलवर पाहायला लागलो आणि माझी बोलतीच बंद झाली. इथे एप्रिल संपत आलाय, पारा चव्वेचाळीसवर, कूलरमध्ये दुपारपर्यंत दोनदा पाणी भरावं लागतं, आणि मी बनियनवर बसून पाहतो काय, तर पांढरंशुभ्र मैदान आणि त्यावर पायाखाली सुऱ्या बांधून धावणारी माणसं. धावणारी तरी कसं म्हणू, पाऊल उचललेलं दिसतच नाही. सुलटं जेवढ्या वेगाने जातात तेवढ्याच वेगाने उलटं. मागे न बघता ती काळी चकती नेमकी सोबत्याच्या स्टिकवर. खेळ न थांबवता कठड्यावरून उड्या मारून माणसं आत-बाहेर होतात आणि मोजणी चुकत नाही. मी आईला हाक मारून दाखवलं. ती पदराने हात पुसत पाहत राहिली आणि म्हणाली, यांच्या आया कशा बघत असतील हो. आणि ती शिक्षेची काचेची खोली. सहा फुटी दाढीवाला गडी आत जाऊन बसतो आणि वर्गाबाहेर उभं केलेल्या पोरासारखा घड्याळाकडे बघत राहतो. मला हसू येतं आणि आदरही वाटतो.

त्याहून थक्क झालो ते तुमच्या ऑफिसचं ऐकून. दोन सेकंदांची गोष्ट, ती सात बाजूंनी टिपलेली, आणि पाच शिकलेली माणसं आपापल्या टेबलाशी बसून ती पुन्हा पुन्हा पाहतात, कुणाशी न बोलता मत लिहितात, खाली सही करतात. कोण कुठला पोरगा, त्याच्या पडण्याची कोणी इतकी दखल घेतं, हे मी माझ्या हयातीत पाहिलं नव्हतं. माझी मुलगी त्या पाचांत आहे हे मी चौकातल्या पानवाल्यालाही सांगून झालंय. त्याची अजून समजूत आहे की तू बर्फाच्या कारखान्यात आहेस.

आता माझ्या पंचगिरीकडे येतो. माझी पद्धत तुला माहीत आहे, तू लहानपणी तिचे आलुगुंडे पुष्कळ खाल्लेस. मैदानावर दोघं भिडले, एकाने दुसऱ्याला तंगडी घातली, स्टिक मारली, की मी शिट्टी फुंकून खेळ पुढे न्यायचो आणि मॅच संपल्यावर त्या दोघांना मैदानाबाहेरच्या ठेल्यावर न्यायचो. पानांचा एकच दोना, त्यात बटाट्याचे चार गरम आलुगुंडे, वर हिरवी चटणी, आणि दोघांनी त्याच एका दोन्यातून खायचं. खाऊन होईपर्यंत मी समोर उभा. शेवटचा आलुगुंडा एकाने दुसऱ्याला दिला की भांडण मिटलं असं समजायचं. मग मी मॅच शीटवर लिहायचो, 'सामना खेळीमेळीत पार पडला', आणि सही. लाल-पिवळी कार्डं माझ्या खिशातून बाहेर यायची ती फक्त आई पँट धुवायला घ्यायची तेव्हा. अठ्ठावीस वर्षांत माझ्या शीटवर एकाही पोराच्या नावापुढे शेरा नाही. रेल्वेतल्या नोकरीने मला पेन्शन दिली, पण रायपूरच्या पाऱ्यापाऱ्यात, मोहल्ल्यामोहल्ल्यात, नाव झालं ते या शीटमुळे. नरहरी सर असले की भांडण घरी जात नाही, असं लोक म्हणायचे आणि मी मिशीतल्या मिशीत हसायचो.

रविवारी मी तुला तेच वाढलं. बर्फ निसरडा, वेग भयंकर, पायात पाय येणारच. माणसाच्या मनातलं कॅमेऱ्यात दिसत नाही. दोन सेकंदांच्या चुकीसाठी कोणाचा अख्खा हंगाम वाया घालवू नये. दोन मिनिटं काचेत बसला ना, झालं, मैदानातलं मैदानात सोडावं, दोघांना हात मिळवायला लावावेत आणि पुढे जावं. यातलं एकेक वाक्य घेतलं तर चुकीचं नाही, हे मी आजही म्हणेन. आणि शेवटी मी म्हणालो की मी मोबाइलवर तो व्हिडिओ पाहिला, मला नजर-बिजर काही दिसली नाही. मग म्हणालीस, ठीक है बाबा. तुझं ते 'ठीक है' मी ओळखतो. त्याचा अर्थ तू माझं ऐकणार होतीस.

आता मारोतीबद्दल. तू त्याला पाहिलं आहेस. गेल्या वर्षी आली होतीस तेव्हा आईला कॉलोनीतल्या फिजिओथेरपीच्या दवाखान्यात घेऊन गेलीस, तिथे शेक द्यायची मशीन लावणारा, थोडा पाय ओढत चालणारा, येईल त्याला दीदी-भैया म्हणणारा. तो माझ्या पाया पडला याची तुला गंमत वाटली होती. मी म्हणालो, जुना खेळाडू आहे. एवढंच म्हणालो. तो नुसता खेळाडू नव्हता ग. मी सांगतोय तेव्हा एकोणीस वर्षांचा होता तो, पुरानी बस्तीच्या संघात, आणि डाव्या बाजूने चेंडू घेऊन निघाला की ठेलेवाला कढईतला झारा हातात तसाच धरून उभा राहायचा. आमचं मैदान मुरमाचं, त्यावर चेंडू सशासारखा उड्या मारायचा, पण त्याच्या स्टिकला चिकटून असायचा. त्याच्या मागे धावताना मी विसरून जायचो की मी पंच आहे. आपण काहीतरी फार मोठं फार जवळून पाहतोय असं माणसाला आयुष्यात दोन-चार वेळाच वाटतं, मला ते तेव्हा वाटायचं. पुढच्याच महिन्यात बिलासपूरला खेळाडू कोट्यातून रेल्वेभरतीची चाचणी होती. त्याचे वडील अनंतराव रेल्वेत गँगमन. पोरगा नोकरीला लागल्यात जमा आहे असं ते रुळावर काम करता करता सगळ्यांना सांगत सुटले होते.

दसऱ्याआधीची फायनल होती, दोन हजार एक साल, पुरानी बस्ती आणि ब्राह्मणपारा. सहा-सात मिनिटं उरली होती आणि बरोबरी होती. मारोती निघाला, दोघांना चुकवलं. ब्राह्मणपाऱ्याचा एक खेळाडू त्याच्या मागून धावत होता आणि मी त्या दोघांपासून दहा पावलांवर. त्या खेळाडूने एकदा खाली पाहिलं, मारोतीच्या टाचांकडे. मग आपला पाय त्याच्या पायांमागून फिरवला आणि त्याच वेळी कोपराने त्याचा खांदा मागे ओढला. तुमच्या कप्तानाने केलं अगदी तेच, फक्त बर्फाच्या जागी मुरूम. मारोती पाठीवर पडला, डोकं मागून आपटलं, आणि एक गुडघा खाली दुमडला तो तसाच राहिला. मी शिट्टी फुंकली, फ्री हिट दिली. तोंडावर पाणी मारल्यावर तो उठून बसला आणि त्याने पहिलं हेच विचारलं, सर, मी कसा काय पडलो. त्याला खरंच कळलं नव्हतं. मागून आलेला पाय पडणाऱ्याला दिसत नाही. घालणाऱ्याला माहीत असतं आणि शिट्टीवाल्याला माहीत असतं. घालणारा पांढराफटक होऊन बाजूला उभा होता. आणि शिट्टीवाला म्हणाला, अडखळलास रे.

मॅच संपल्यावर मी दोघांना ठेल्यावर नेलं. मारोतीच्या गुडघ्याला माझाच रुमाल बांधलेला. त्याने एका पायावर उभं राहून खाल्लं आणि शेवटचा आलुगुंडा समोरच्याला दिला. शीटवर मी नेहमीचं वाक्य लिहिलं. महिन्याभराने बिलासपूरला चाचणीत धावताना त्याचा गुडघा दोनदा सुटला आणि तिथेच सगळं संपलं. पाऱ्यातल्या पोरांनी त्याला गिरधारी म्हणायला सुरुवात केली, सारखा गिरणारा म्हणून. स्वतःच्याच स्टिकमध्ये अडखळून ज्याने फायनल घालवली तो हा, अशी त्याची ओळख झाली, आणि ती गोष्ट सांगणाऱ्यांना मी कधी टोकलं नाही.

तो पाय घालणारा कोण होता हे तू आता विचारशील. एवढी एक ओळ लिहायला मला पाऊण तास लागला, मध्ये उठून दोनदा पाणी प्यायलो. तो तुझा शेखरमामा. तुझ्या हातात पहिली स्टिक देणारा, तुला खांद्यावर बसवून मैदानाला चक्कर मारणारा. आईच्या धाकट्या भावाच्या नावापुढे शेरा लिहिला तर घरात काय होईल, हा विचार तेव्हा माझ्या मनात आलाच नाही असं मी स्वतःला इतकी वर्षं सांगत आलो. माझी पद्धतच तशी होती म्हणून नाही लिहिलं, असं. पद्धत होती हे खरं, आणि तो माझा साळा होता हेही खरं. कशामुळे हात थांबला ते आज मलाही सांगता येणार नाही. मामावर तुझा जीव आहे, तो कमी कर असं मी म्हणत नाही. माझाही आहे.

सोमवारी आईला घेऊन दवाखान्यात गेलो. मारोतीने तिच्या खांद्यावर शेक लावला, दहा मिनिटांचा गजर लावला. शेजारच्या खाटेवर बँकेतल्या सोनिया दीदी होत्या, जिन्यावरून घसरून कंबर धरलेल्या. जिना ओला होता, पुसणाऱ्या बाईने सांगितलं नाही, असं त्यांचं चाललं होतं. मारोती हसत त्यांना म्हणाला, दीदी, गलती गिरने वाले की ही रहती है, अपने पाँव अपने को ही सँभालना पड़ता है. मग माझ्याकडे वळून मराठीत, 'मी नाही काय पडलो माह्याच पायानं, भर फायनलमधी? विचारा सरले, त्यायच्या डोळ्यासमोर पडलो मी.' सोनिया दीदींनी माझ्याकडे पाहिलं, दुसऱ्या खाटेवरच्या माणसानेही पाहिलं. आणि स्वरदा, मी मान डोलावली. हसलोही बहुतेक.

ऑटोने परत आलो. फाटकाशी उतरलो, मी कुलपाची किल्ली शोधत होतो, तेव्हा तिने विचारलं, 'काहून मान डोलावली तुम्ही?' मी म्हटलं, मग काय करणार होतो. तर ती म्हणाली, 'मी पण पाहिलं होतं न. बायांच्या बाजूला बसली होती मी, मले समोरूनच दिसलं. शेखरनं खाली पाहून पाय घातला.' त्या फायनलनंतरही चोवीस वर्षं जिच्या हातचं दोन वेळा जेवतोय, त्या बाईने हे पोटात ठेवलं होतं, आणि मला वाटत होतं की हे ओझं एकट्या माझ्या डोक्यावर आहे. मी विचारलं, बोलली का नाहीस. ती म्हणाली, 'शिट्टी तुमच्या तोंडात होती. तुम्ही बोलाल म्हणून वाट पाहून राहिली होती मी.' मग किल्ली माझ्या हातातून घेतली, दार उघडलं, आणि आत जाता जाता म्हणाली, 'अन् पोरीले काय सांगितलं रविवारी? नजर दिसली नाही म्हणून?' तिच्यासमोर खोटं चाललं नाही, तुझ्यासमोरही आता चालवत नाही. नजर मला दिसली होती. व्हिडिओ थांबवायचीही गरज पडली नाही, पहिल्याच वेळी दिसली. तीच मान, तसंच खाली पाहणं. मोबाइल उशाखाली ठेवून मी उठून अंगणात गेलो होतो.

मंगळवारी सकाळी मी टेबलाशी बसून मॅच शीटवर लिहायला हवं होतं ते फुलस्केप कागदावर लिहिलं. तारीख, संघ, कितवं मिनिट, पंच किती पावलांवर होता, काय पाहिलं. पंचाचं आणि खेळाडूचं नातं. पंचाने हे त्या दिवशी लिहिलं नाही, पडलेल्या खेळाडूला खोटं सांगितलं, ही पंचाची चूक. खाली सही. अर्ध्या पानाचं काम, दोन तास लागले. मग शेखरला फोन करून कागद मारोतीला देणार असल्याचं सांगितलं, कारण त्याच्या पाठीमागे ही गोष्ट करायची नव्हती. मला वाटलं आता बहीण, नातं, घर, सगळं निघणार. तो म्हणाला, 'वाचून दाखवा भाऊजी त्याले. तुम्ही तेव्हाच मले दोन मॅच बाहेर बसवलं असतं न, तर दोन मॅचमधी सुटलो असतो मी. रायपूरले येतो तर आजही पुरानी बस्तीतून गाडी नाही काढत, फिरून जातो.' मी फोन ठेवून दिला. बाहेर बसवणं म्हणजे त्या पोराचं नुकसान, एवढंच मला आयुष्यभर कळलं. त्याला बाहेर बसवलं नाही तर तो आतल्या आत कुठेतरी बसून राहतो, हे पन्नाशीच्या माणसाने मला काल शिकवलं.

दुपारी दवाखान्यात जाऊन कागद मारोतीच्या हातात दिला. त्याने उभ्याउभ्या वाचायला घेतला. अर्ध्यात गजर वाजला. त्याने कागद टेबलावर पालथा ठेवला, आत जाऊन पेशंटचा शेक काढला, पाठ पुसली, चादर सरळ केली, आणि परत येऊन पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचला. मी भिंतीला टेकून उभा. तो चिडला असता, दोन शब्द बोलला असता, तर मला सोपं गेलं असतं. त्याने एवढंच विचारलं, 'म्हणजे सर, मी चांगला पळून राहिलो होतो?' मी म्हटलं, तुझ्यासारखं पळताना मी कोणाला पाहिलं नाही. त्याने कागदाची घडी घातली आणि माझ्या हातात परत दिली. 'हे बाबाले तुम्ही वाचून दाखवाल काय? माह्या तोंडून त्यायले खरं नाही वाटणार.' स्वरदा, मी मोठमोठे खेळाडू पाहिले, बक्षिसं घेताना पाहिले, पण त्या क्षणी मला त्या माणसापुढे इतकं लहान वाटलं की मी त्याच्या डोळ्यात न पाहता हो म्हणालो.

आज सकाळी मी आणि आई पुरानी बस्तीत गेलो. शेखरची बहीण म्हणून आपणही तिथे असायलाच हवं, असं ती म्हणाली. अनंतराव आता ऐंशीला टेकलेत. डोळे गेलेत, कान शाबूत आहेत. ओसरीत खाटेवर बसले होते, शेजारी मारोती. त्या फायनलनंतर, मारोतीने सांगितलं, बापाने त्याच्याशी कामापुरतंच बोलणं ठेवलं. सगळ्या गावासमोर पोराला आपल्या दोन पायांवर उभं राहता आलं नाही, हा राग. मी खुर्ची घेतली नाही, उभा राहून वाचलं. पंचाच्या बायकोचा भाऊ, ही ओळ आली तेव्हा आईने मान खाली घातली नाही. वाचून झालं. म्हातारा माझ्याकडे वळला नाही, मला काही बोललाही नाही. त्याने हात पुढे करून चाचपडत मारोतीचा गुडघा शोधला. आधी चांगला लागला, मग दुसरा. त्यावर हात ठेवला आणि विचारलं, 'दुखते काय रे अजून?' चोवीस वर्षांत त्यांनी हे कधी विचारलं नव्हतं. मारोती हो म्हणाला, थंडीत दुखते म्हणाला, आणि मग बापाच्या हातावर हात ठेवून रडायला लागला, आणि आम्ही दोघं चपला घालून हळूच बाहेर आलो. घरी येऊन न जेवता हे लिहायला बसलो, कारण तुझा गुरुवार जवळ आलाय आणि रविवारी तुला जे सांगितलं ते मला त्याआधी मागे घ्यायचं आहे. त्या कप्तानाला बाहेर बसवलंच पाहिजे. किती मॅच ते तुम्ही पाच जण ठरवा, दोनही पुरतील. बाकीचे चौघं काय लिहितात, साहेब मे महिन्यात काय करतात, ते पुढे पाहू. त्याने खाली पाहिलं होतं हे तू लिही, म्हणजे त्या पोराला आणि त्याच्या घरच्यांना ते आजच कळेल.

तुझाच,
बाबा